अप्पांनी तोंड मिटलं तेव्हा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पण पडायचं नाव नाही. लिंबाचं पान हलत नव्हतं. सदरा पाठीला चिकटलेला, माशी उठवावी तर ती तिथंच येऊन बसणार. अशा दिवशी लाईट जायचीच, तशी ती गेली होती.

"मग सांगा ना अय्या, माझं चुकतंय कुठं?"

मन्मथनं हे मघापासून कितीदा विचारलं असेल, त्याचं त्यालाच भान नव्हतं.

चन्नय्या स्वामी ओसरीच्या कडेला बसून टाचेतला काटा काढत होते. साऱ्या गावाचे गुरू. लग्न लावायचं तर अय्या, पोराच्या गळ्यात लिंग बांधायचं तर अय्या, कुणी गेलं तरी अय्याच. पण मन्मथचं घर आणि अय्यांचा मठ यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीत एक बुटकं दार. त्यामुळं त्याच्या घरी ते गुरू कमी आणि शेजारी जास्त. आले की ओसरीवर टेकायचे.

"चुकतंय असं कोण म्हणतंय?" अय्या म्हणाले. "सगळं गाव तुला श्रावणबाळ म्हणतं."

"म्हणू दे की गाव! अप्पा जेवत नाहीत त्याचं काय?"

अय्यांनी काटा काढला. उजेडाकडं धरून बघितला.

आत खाटेवर गुरुलिंगप्पा पडून होते, मन्मथचे वडील. दोन वर्षांमागं वाऱ्याचा झटका येऊन डावं अंग गेलं. उजवं राहिलं, पण थरथरतं. बोलणं आलं, पण शब्दाशब्दाला अडखळतं. आणि परवापासून त्यांनी तोंड मिटलं होतं. घोटभर पाण्यापुरतं उघडायचे. अन्नाचा चमचा दिसला की दात घट्ट.

मन्मथचं तालुक्याला औषधाचं दुकान. हाताखालच्या माणसावर दुकान टाकून तो गावी येऊन राहिला होता. बापाचं सगळं आपल्या हातानं करायचा. अंघोळ तो घालणार, दाढी तो करणार, कूस तो बदलणार. मुगाची पेज फडक्यातून गाळून, फुंकून, चमच्यानं तो भरवणार. बायको महानंदानं कधी चमचा धरलाच, तर म्हणायचा, "सांडशील तू. दे इकडं." अप्पांनी तांब्या धरावा, तर तांब्या काढून घ्यायचा. काठी धरावी, तर काठी. "तुम्ही आता काही करायचं नाही अप्पा. नुसता आराम."

लोक भेटायला यायचे. येणारा शहाळं आणणार, बिस्किटाचा पुडा आणणार, आणि खाटेपाशी उभं राहून अप्पांच्या देखत मोठ्यानं म्हणणार, "अगं बाई, किती वाळले हो!" मग प्रत्येकाकडं एक औषध. कुणी म्हणे नजर काढा. कुणी म्हणे हिंगाचं पाणी द्या. सोसायटीचा चेअरमन तर म्हणाला, "जागा बदला, खाट पूर्वेला घ्या." मन्मथनं तीही घेतली. मग दार अडलं, म्हणून पुन्हा होती तिथं आणली.

काल डॉक्टर येऊन गेले. बॅटरी लावून गळा बघितला, पोट दाबून बघितलं.

"दोष काही नाही," ते मन्मथला म्हणाले. "परवा सकाळपर्यंत बघा. नाहीच खाल्लं तर घेऊन या. नाकातून नळी घालू."

"काढून टाकली तर?"

"काढतात म्हातारी माणसं. मग हात बांधून ठेवावे लागतात."

हे बोलणं अप्पांच्या उशाशीच चाललं होतं. अप्पा आढ्याकडं बघत होते.

तर हे सगळं मन्मथनं अय्यांना सांगून झालं. एकदा शांतपणे सांगितलं, एकदा रागानं, आणि आता त्याचा आवाज चिरकायला लागला होता.

"तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा त्यांना, खा म्हणून."

अय्या उठले. आत आले. खाटेशेजारी उकिडवे बसले.

"गुरुलिंगप्पा, कसं काय?"

"बरं नाही त्यांना," मन्मथ म्हणाला. "रात्री झोप नाही, सकाळी पोट साफ नाही."

"मी त्याला विचारलं."

"त्यांना बोलायला फार वेळ लागतो अय्या."

"मला कुठं गाडी गाठायचीय?"

अप्पांचे ओठ हलले. जीभ आतल्या आत काहीतरी जुळवत होती…

"पाणी? पाणी पाहिजे अप्पा?" मन्मथ वाकला. "की कूस बदलू? उकडतंय का? महानंदा, पंखा आण गं हातातला!"

अप्पांनी ओठ मिटले.

अय्यांनी मन्मथकडं बघितलं. मग अप्पांकडं बघितलं. दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले, आणि मन्मथला उगाचच वाटलं की आपल्या पाठीमागं काहीतरी बोलणं चाललंय.

"भूक लागली," अय्या म्हणाले.

"कुणाला?"

"मला."

मन्मथच्या कपाळाची शीर उडाली. पण दारात आलेल्या जंगमाला, म्हणजे गुरूलाच, भूक लागली म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? तो दातांवर दात ठेवून ओरडला, "महानंदा, अय्यांचं ताट कर!"

"ताट मोकळंच आण पोरी," अय्या म्हणाले. "भाताचं पातेलं आण, आमटीचं आण, पळी आण. आणि मन्मथा, बापाला खाली घे. भिंतीला टेकवून बसव."

"खाली? फरशीवर? अहो, कंबर धरेल त्यांची!"

"धरू दे."

नवरा-बायकोनं मिळून अप्पांना खाली घेतलं. पाठीला उशी दिली. अय्यांनी समोर मांडी घातली, मोकळं ताट पुढ्यात ठेवलं, दोन्ही पातेली अप्पांच्या उजव्या हाताशी सरकवली, आणि मठाच्या अंगणात द्यायचे तशी हाळी दिली.

"गुरुलिंगप्पा, पंगत बसली!"

आता हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मठाच्या यात्रेला अन्नदान असतं, पंगतीवर पंगत उठते, आणि सगळ्या पंगतींना वाढायचं काम उभ्या हयातीत गुरुलिंगप्पांचं. हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन निघाला की हा माणूस बादली खाली ठेवायचा नाही. पाहुणे हाताला धरून ओढायचे, "आता तुम्ही बसा!" तर हसून पुढं जायचा. शेवटचं माणूस जेवून उठल्याशिवाय वाढप्यानं घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. घरीही तसंच. घरातलं शेवटचं माणूस जेवलं, की मग ते आपली भाकरी घ्यायचे.

अप्पांचा हात हलला. पळीपर्यंत गेला. बोटं दांड्यावरून निसटली, पुन्हा बसली.

पळी पातेल्यात बुडाली. वर आली, थरथरली, आणि निम्मी आमटी फरशीवर, थोडी अय्यांच्या धोतरावर.

"अहो, भाजेल!" मन्मथ धावला. "द्या अप्पा, मी वाढतो…"

अय्यांनी नुसता हात आडवा केला. मन्मथ जागच्या जागी थांबला.

पळीतली उरलेली आमटी ताटात पडली. मग भात. भाताचं ढेकूळ ताटाच्या काठावर बसलं, ते अय्यांनी बोटानं आत घेतलं. कालवलं. जेवायला लागले, अगदी निवांत.

"आमटी बेताचीच आली," ते म्हणाले. "हात आखडलास का रे?"

अप्पांनी पुन्हा पळी भरली. या वेळी सांडलं ते कमी. भिवया चढलेल्या, ओठ बाहेर आलेला. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचं असतं तसं तोंड. आणि पळी रिकामी झाल्यावर घशातून शब्द आला.

"साव… सावकाश… होऊ द्या."

महानंदानं तोंडाला पदर लावला.

मन्मथला वाटलं, सुटलो! त्यानं धावत जाऊन पेजेची वाटी आणली, चमचा भरला, फुंकला आणि अप्पांच्या तोंडाशी नेला.

"शाबास अप्पा! आता तुम्ही. आ करा. आ…"

दात घट्ट.

"एकच घास. माझ्यासाठी. आ करा ना!"

अप्पांनी मान फिरवली. चमचा गालाला लागला, पेज हनुवटीवरून ओघळली.

"बघा!" मन्मथ कळवळून ओरडला. "बघितलंत ना? हे असं! एवढं करतो मी, झोप नाही की दुकान नाही, आणि हे माझ्याशी दावा धरून बसलेत! तुम्हाला मात्र वाढलं!"

"भात वाढ रे थोडा," अय्या अप्पांना म्हणाले.

"अय्या! ते उपाशी आहेत आणि तुम्ही पुन्हा भात घेताय?"

"चांगला वाढतोय. नको कसं म्हणू?"

अप्पांनी भात वाढला. अय्यांनी तो संपवला, आणि महानंदाकडं बघून म्हणाले, "पोरी, तूही ताट घे. बस."

"मी? मामांच्या हातचं वाढून घेऊ?" ती लाजली. "बरं दिसतं का ते?"

"यात्रेला घेत होतीस की."

ती बसली. तिच्या ताटात अप्पांनी आधी आमटी घातली, मग भात, पुन्हा आमटी. तिनं खाली मान घालून पहिला घास घेतला. आमटीत मीठ जास्त झालं होतं. पण त्या दिवशी त्याबद्दल कुणी बोललं नाही.

अप्पांनी मान वर केली. समोर मन्मथ उभा. एका हातात वाटी, एका हातात चमचा.

अप्पांनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली. टण्.

"काय पाहिजे अप्पा?"

टण्. टण्.

"भात संपला का? आणखी आणू? अय्यांना वाढायचंय?"

अप्पांनी डोळे मिटले. पोर ढ निघाल्यावर बाप मिटतो तसे. मग उघडले. सगळा जीव जिभेवर आणला…

"ब… बस."

"मी नंतर जेवतो हो! माझं काय घेऊन बसलात? आधी तुमच्या पोटात चार घास जाऊ देत!" त्यानं वाकून वाटी पुन्हा अप्पांच्या तोंडापुढं धरली. "उद्या नळी घालतील तुम्हाला. हात बांधतील. हेच हात! कळतंय का तुम्हाला? अय्या, तुम्ही तरी बोला ना काही! नुसते जेवताय कधीचे! काय करू मी आणखी? करायचं राहिलंय काय माझं?"

अय्यांचं जेवण आटोपलं होतं. पण ते उठले नाहीत. हातही धुतला नाही. उष्टा हात ताटावर तसाच धरून बसले.

महानंदाचाही घास हातात थांबला.

बाहेर आभाळ तसंच तुंबलेलं. पळी धरलेला हात पातेल्यावर, थरथरत…

"काय बघलालास?" अय्या म्हणाले. "बस की रे खाली. तुझ्यापायी पंगत अडलीय."