निळ्या फडक्यातली मूठ

एका गावात, जिथला डोंगरसुद्धा भरदुपारी डुलक्या घ्यायचा अशा गावात, एक बुटकं कौलारू चर्च होतं. तिथे एक रीत होती. रविवारी प्रभुभोजनाला जी भाकर मोडायची, ती कुणा एका घरच्या पिठाची करायची नाही. शनिवारी घराघरांतून मूठमूठ पीठ यायचं, कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचे गहू, आणि सगळं एकाच काठवटीत मळलं जायचं. ज्याची मूठ भाकरीत, त्याला मेजापाशी जागा. ज्याची मूठ नाही, त्यानं फाटकाबाहेर थांबायचं.

ही भाकर थापायचा मान शलोमीबाईचा. चाळीस वर्षं तिच्या हातची भाकर कधी चिरली नाही. पण बाई मनातून सुखी नव्हती.

तिला एकच लेकरू. मुलगा म्हणून जन्माला आलं, पण बोलायला लागल्यापासून म्हणायचं, "आई, मी मुलगी आहे गं." मोठं झालं तसं साडी नेसू लागलं, आणि स्वतःचं नाव ठेवलं कृपा. झालं! गावाला बोलायला विषय मिळाला. मंडळीचे कारभारी दारात येऊन म्हणाले, "शलोमीबाई, हे घरात राहिलं तर तुमच्या हातची भाकर मेजावर चालायची नाही." आणि शलोमीबाई काय बोलली? काही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. कृपा ओढ्यापलीकडे राहायला गेली. जाताना आईच्या जुन्या निळ्या लुगड्याचा एक तुकडा तेवढा मागून नेला.

तेव्हापासून दर शनिवारी शलोमीबाईच्या दाराच्या कडीला एक निळं फडकं बांधलेलं असायचं, आत मूठभर नाचणीचं पीठ. बाई ते सोडायची, पदरानं डोळे पुसायची आणि पीठ चिमण्यांना टाकायची. फडकं धुऊन पुन्हा कडीला अडकवायची, ते रात्रीतून गुपचूप नाहीसं व्हायचं. अशी सात वर्षं गेली. त्या नाचणीवर धष्टपुष्ट काय त्या चिमण्याच झाल्या.

मग ईस्टरच्या आदल्या दिवसाची दुपार आली. शलोमीबाई काठवटीपुढे बसली होती. निळं फडकं मांडीवर तसंच होतं. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात पिठाचे कण तरंगत होते, वर नाही, खाली नाही, नुसते तरंगत. बघता बघता बाईचा डोळा लागला.

दारातून कुणीतरी वाकून आत आलं आणि चुलीपाशी भुईवरच बसलं. पाय धुळीनं माखलेले. तळहातांवर जुन्या जखमांचे वण. शलोमीबाईनं ओळखलं आणि पदर डोक्यावर ओढला.

"भूक लागलीय, माय," पाहुणा म्हणाला.

"बसा प्रभू, आत्ता थापते! अख्ख्या गावाचं पीठ आहे."

पाहुण्यानं काठवटीत डोकावून पाहिलं. "यात माझी मूठ दिसत नाही."

बाई चपापली. "तुमची? तुम्ही कधी पाठवलीत?"

"दर शनिवारी पाठवतो की. निळ्या फडक्यात." तो जरा हसला. "आज तरी चिमण्यांना टाकू नकोस."

बाई दचकून जागी झाली. घरात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर एक चिमणी तेवढी वाट बघत बसली होती. "आज तू उपाशी राहा, बयो," शलोमीबाई म्हणाली. तिनं गाठ सोडली, पीठ काठवटीत रिकामं केलं आणि दोन्ही हातांनी कोरडंच चांगलं मिसळलं.

तेवढ्यात कारभारी आले. पीठ बघून कपाळाला आठ्या. "हे लालसर काय? नाचणी? कुणाची?"

"माझ्या लेकीची."

लेक! हा शब्द तिनं उभ्या जन्मात पहिल्यांदा उच्चारला. आणि मागे घेतला नाही.

"काढा ती आधी!" कारभारी ओरडले.

बाईनं चाळण त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच काढा. तुमची ज्वारी राहू द्या, तिची नाचणी तेवढी काढा."

आणि कारभारी खरंच बसले हो! बाह्या सरसावून चाळत राहिले. मिशा पांढऱ्या झाल्या, घामानं निथळले, पण दर खेपेला पीठ खाली पडायचं ते लालसरच.

"मग टाकून द्या सगळं!"

"देते. पण त्यात तुमचीही मूठ आहे. मग उद्या सणाला तुम्हीही फाटकाबाहेरच का?"

कारभारी उठले. "यापुढे भाकरीचा मान तुमचा नाही."

"नसू दे," शलोमीबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मान जपत बसले आणि लेकरू घालवलं. मी चुकले हो, फार चुकले."

रविवारी सकाळी ती ओढा ओलांडून गेली आणि कृपाचा हात धरून घेऊन आली. फाटकात कारभारी उभे. कृपाचे पाय अडखळले. "आई, राहू दे गं. मी बाहेरच बरी."

"रीत काय आहे, कारभारी?" बाईनं विचारलं. "ज्याची मूठ भाकरीत..."

कारभाऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मेजावर बाईनं त्याच पिठाची थापलेली भाकर होती, लालसर, टम्म फुगलेली. रात्रभर ते त्याच पिठाचा विचार करत जागे होते. खाली मान घालून ते बाजूला झाले. "त्याला मेजापाशी जागा," त्यांनी वाक्य पुरं केलं. मग आपल्या बाकावर जरा सरकून बसले आणि म्हणाले, "ये पोरी, इथे ये."

भाकरीचा मान कारभाऱ्यांनी स्वतःच परत दिला, आणि पुढच्या शनिवारी काठवटीत दोघींचे हात होते. चिमण्या सवयीनं उंबऱ्यावर आल्या, तेव्हा कारभाऱ्यांच्या घरून एकाऐवजी दोन मुठी आल्या. एक भाकरीसाठी, एक चिमण्यांसाठी.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: प्रभूच्या मेजावर कुणाला बसवायचं हे ठरवायला आपण यजमान नाही, आपणही तिथे पाहुणेच आहोत.