दहा हजार सात चिरे

राजवाड्याच्या दारात हातभर लांबीरुंदीचे दहा हजार सात चिरे येऊन पडले होते. गणितात आपला हात कोणी धरणार नाही, अशी दिवाणांची घमेंड. पाथरवटांची म्होरकी भिवरा, तिला त्यांनी फर्मावलं, "पंधरा दिवसांत सारख्या रांगांचं चौकोनी अंगण घाल. एक चिरा उरता कामा नये, एक फुटता कामा नये. नाहीतर तुम्हा सगळ्यांच्या छिन्न्या जप्त."

भिवराने भिंतीवर कोळशाने हिशेब मांडला. सात रांगा धरल्या, चार चिरे उरले. अकरा धरल्या, आठ उरले. शंभरापर्यंत सगळे आकडे झाले, दरवेळी काहीतरी उरायचंच. पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, एक आकडा आपण धरलाच नाही.

पंधराव्या दिवशी दिवाण महाराजांना घेऊन आले. वाड्याच्या दारापासून थेट पाथरवटवाडीपर्यंत, सव्वा कोस चिखलातून, चिऱ्यांची एकच रांग गेली होती.

"हे अंगण?" दिवाण कडाडले.

"लांबी दहा हजार सात, रुंदी एक," भिवरा म्हणाली. "उरला नाही, फुटला नाही. आणखी कुठल्या आकड्याने पुरा भाग जात असेल तर सांगा सरकार, उचलून तसं मांडते."

महाराज दिवाणांकडे वळले. कशानेच भाग जाऊ नये म्हणून दिवाणांनी तो आकडा मुद्दाम निवडला होता. आता दिवाणांना स्वतःच्याच तोंडाने महाराजांना ते सांगावं लागलं.