बाकांवर कोरलेले चेहरे

फार फार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका खेड्याच्या चर्चमध्ये एक पाद्री होता. दर रविवारी तो घसा कोरडा करून सांगे, चहाड्या करू नका, अधाशीपणा करू नका, आळस सोडा. लोक माना डोलवत आणि दाराबाहेर पाऊल पडताच चहाड्यांना सुरुवात करत. पाद्री पार वैतागून गेला होता.

कानांनी ऐकत नाहीत तर निदान डोळ्यांनी बघतील, असा विचार करून त्याने एका सुताराकडून ओकच्या लाकडाची नवी बाकं करवून घेतली. प्रत्येक बाकाच्या टोकाला एकेक दुर्गुण कोरायचा होता. सुतार दोन हिवाळे त्यावर खपला. लांब जिभेची चहाडखोर बाई, पोट सुटलेला खादाड, तोंड उघडं टाकून घोरणारा आळशी आणि गाल फुगवून ओरडणारा रागीट, सगळे कसे जिवंत वाटत होते.

रविवारी लोक आले, पण बाकांवर कोणी बसेचना. खादाडाच्या बाकावर बसलं तर गाव आपल्यालाच खादाड समजणार, ही भीती. पिठाच्या गिरणीवाला म्हणे, ती जागा पाववाल्याची. पाववाला म्हणे, छे, गिरणीवाल्याची. दुसऱ्याची जागा कोणती, हे मात्र प्रत्येकाला चोख ठाऊक होतं. शेवटी सगळ्यांनी मिळून बजावलं, की हे चेहरे तासून टाका, नाहीतर आम्ही पलीकडच्या गावच्या चर्चला जातो.

सुताराने पिशवीतून रंधा काढला.

ते पाहून पाद्र्याचं डोकंच फिरलं. त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेना. "वर्षानुवर्षं तुमच्यापुढे डोकं फोडतोय मी! तुमच्यातल्या एकाला तरी स्वतःची जागा दिसते का?"

तेव्हा एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि लांब जिभेच्या बाईशेजारी बसली. "माझी जीभ कशी आहे ते गावाला ठाऊक आहे, फादर," ती म्हणाली. "तुम्ही कुठं बसता?"

पाद्र्याने रागीटाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तसेच फुगलेले गाल, तसेच वटारलेले डोळे. त्याला म्हातारीचा भयंकर राग आला, आणि राग आला म्हणूनच उत्तरही कळलं. तो धुसफुसत व्यासपीठावरून खाली उतरला आणि त्या बाकावर जाऊन बसला.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग पाववाला खादाडापाशी गेला, गिरणीवाला त्याला खेटून बसला, आणि बघता बघता बाकं भरली. सुताराने रंधा पिशवीत ठेवून दिला.

तात्पर्य: लोकांना त्यांचा दोष दाखवायचा असेल, तर आधी आपल्या दोषाशेजारी जाऊन बसावं.