वीतभर ताणा

तगर नगरीवर भद्रसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व कोष्ट्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नागदत्त. बापाच्या मागे त्याने धंदा वाढवला, आणि त्याच्या लांब पडवीत बारा माग चालू लागले. मागांवर तरुण मजूर बसत. पौर्णिमेला त्यांना मजुरी मिळे आणि अमावास्या यायच्या आत ती संपे. मग ते डोके खाजवत मालकापुढे उभे राहत आणि पुढच्या महिन्याची उचल मागत.

उचल हा शब्द ऐकायला हलका आहे. पण ज्याच्या अंगावर उचल असते तो माग सोडून जाऊ शकत नाही. मालक देईल त्या दराने विणतो, म्हातारा होतो, आणि त्याचा मुलगा त्याच मागावर येऊन बसतो. तगरातले सगळे मालक उचल हसतमुखाने देत, आणि लोक त्यांना दयाळू म्हणत. लोक कशाला दया म्हणतील याचा काही नेम नाही! नागदत्तही देत असे. बाप देत होता म्हणून तो देत होता.

त्या मजुरांत सामक सगळ्यांत गुणी. त्याने काठावर हंस विणला तर तो आता पोहत पलीकडच्या काठाला जाईल असे वाटे. रंगाऱ्याची मुलगी दामिला आणि तो एकमेकांना पसंत होते. रंगारी म्हणाला, "पोरगी द्यायला माझी ना नाही. पण दुसऱ्याच्या मागावर बसणाऱ्याला देणार नाही. पुढच्या जत्रेपर्यंत स्वतःचा माग उभा कर. नाही जमलं तर मी दुसरीकडं बोलणी करतो."

"वर्ष पडलंय की अजून," सामक म्हणाला.

वर्ष पडलेले नसते, ते चाललेले असते. मजुरी मित्रांच्या जेवणावळींत गेली, फुलांच्या गजऱ्यांत गेली, एका निळ्या उपरण्यात गेली. दामिला नदीवर सूत धुताना विचारी, "माग कुठवर आला?"

"येईल की."

"चालत येतोय का?" ती म्हणे, आणि सूत दगडावर जरा जास्तच जोरात आपटी.

एके दिवशी परगावचा एक व्यापारी पडवीत आला. सामकाचे कापड त्याला फार आवडले. "शेवटाला सुट्या धाग्यांच्या दशा तेवढ्या लांब सोड," तो म्हणाला, "वर काहीतरी देईन."

आता कोष्ट्यांची एक रीत आहे. कापड उतरवताना ते ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, वीतभर टोक फणीत तसेच राहू देतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या टोकाला सांधायचा, आणि माग पुन्हा चालू. ते टोक विणत नाहीत, विकत नाहीत, कोणी मागितले तरी देत नाहीत. सामकाने लांब दशांसाठी ते टोकही कापून दिले. मिळालेले पैसे त्याच संध्याकाळी मित्रांत गेले.

सकाळी माग उघडाबोडका पडला होता. आता फणीच्या प्रत्येक दातातून प्रत्येक धागा नव्याने ओवायचा, आणि ओवणीच्या दिवसांची मजुरी कोणी देत नाही. सामक नागदत्तापुढे जाऊन उभा राहिला.

"धनी, थोडी उचल..."

नागदत्ताने रिकाम्या फणीकडे पाहिले. "दशा छान दिसल्या असतील," तो म्हणाला. उचल त्याने दिली नाही. तो उठला, मागाच्या पलीकडच्या अंगाला बसला आणि धागे ओवू लागला. मालक ओवतोय म्हटल्यावर सामकही मुकाट्याने बसला. दुपारपर्यंत दोघांच्या डोळ्यांना पाणी आले.

"वीतभर तर होतं, धनी," सामक पुटपुटला.

"वीतभरच होतं," नागदत्त म्हणाला. "तुझ्या मजुरीचं वीतभर कुठं आहे, सामक?"

सामकाने कमरेची रिकामी कनवट चाचपली.

"यापुढं तुला उचल नाही," नागदत्त म्हणाला. " आजवरची मी सोडली. पौर्णिमेला मजुरी हातात पडली की आधी दहावा भाग बाजूला बांध. मग फुलं आण, मग मित्रांना जेवू घाल. सगळं भागवून उरलं तर ठेवीन म्हणशील, तर ते उरणार नाही."

"रागावलात, धनी?"

"माझ्यावरच रागावलोय. दर महिन्याला उचल देऊन तुझा ताणा मीच कापत आलो."

सामक तडक दामिलाकडे गेला. "हा दहावा भाग तू ठेव. माझ्या हाती पैसा टिकत नाही."

"मी का ठेवू?" दामिला म्हणाली. "जन्मभर तुझी कनवट मी राखायची का? हात तुझे आहेत, त्यांना तूच शिकव."

मग त्याने त्या दहाव्या भागाची गाठ आपल्याच कनवटीला बांधली. सुरुवातीला ती फार टोचली. मित्र म्हणाले, "कमरेला काय रे ते, गळू झालंय?" तो त्यांच्याबरोबर हसला, पण गाठ सोडली नाही.

नागदत्ताचा मेहुणा वेसमित्र कापडाचा मोठा व्यापारी होता. त्याच्या कानावर हे गेले तसा तो धावत आला. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना? असला हात तगरात दुसरा नाही. त्याला उचल द्या, तो मरेपर्यंत तुमचा. हा पैसे साठवून उद्या स्वतःचा माग घालील!"

"घालू दे. तो गेला तर माझा एक माग रिकामा होईल. राहिला तर त्याचा जन्म रिकामा जाईल."

"आणि बाकीचे सगळे बघतायत, त्यांचं काय?"

"बघू देत," नागदत्त म्हणाला.

जत्रा उद्यावर आली तेव्हा सामकाच्या गाठीत अर्ध्या मागापुरते होते. वेसमित्र त्याला वाटेत गाठून म्हणाला, "कशाला झुरतोस? अख्खा माग आज घेऊन जा. पैसे सवडीनं दे. कापड तेवढं मलाच घालायचं, मी म्हणेन त्या भावानं."

सामक तिथून थेट रंगाऱ्याच्या घरी गेला आणि गाठ सोडून त्याच्यापुढे ठेवली.

"मामा, माझा माग अर्धाच झालाय. उरलेला वेसमित्र आज द्यायला तयार आहे. तो घेतला तर लग्न होईल, पण तुमची पोरगी जन्मभर त्याच्या सुतात अडकेल. मला आणखी एक वर्ष द्या."

"शब्द म्हणजे शब्द," रंगारी म्हणाला. "जत्रा उद्या आहे."

रांजणापाशी दामिला उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. "शब्द तुम्ही दिला होता, बाबा. मला कोणी विचारलं नव्हतं. आता मी सांगते, मी थांबणार. गेल्या जत्रेला याच्यापाशी गजरे होते, आज अर्धा माग आहे. दुसरीकडं बोलणी केलीत तर तिकडं नांदायला तुम्हीच जा."

रंगाऱ्याने एकदा मुलीकडे आणि एकदा गाठीकडे पाहिले. "ने ती उचलून," तो सामकाला म्हणाला, "आणि पुढच्या जत्रेला पुरी करून आण."

सामकाने ती पुरी केली. माग उभा राहिला, मग लग्न झाले. त्याच्यामागून नागदत्ताचे बाकीचे मजूरही, कोणी लवकर, कोणी रडतखडत, कनवटीला गाठ बांधू लागले आणि एकेक करून आपापल्या दारात विणू लागले. वेसमित्राने नागदत्ताशी व्यवहार तोडला. घरात गडीमाणूस उरले नाही. एके सकाळी नागदत्ताची बायको पडवीत आली.

"सगळ्यांना शहाणं करून सोडलंत," ती म्हणाली. "आता विणायचं कोणी?"

"मी आहे की." नागदत्ताने मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा हातात घेतला.

आळीतल्या घराघरांतून मागांचा आवाज येत होता. तो ऐकत ती खाली बसली आणि धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरू लागली.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ता श्रोत्यांना म्हणाले, "तेव्हाचा सामक म्हणजे पहिली कमाई घेऊन आज इथे आलेला हा तरुण उपासक सोणक. दामिला म्हणजे त्याची बायको. रंगारी म्हणजे तिचा बाप, तो अजूनही शब्दाचा पक्का आहे. वेसमित्र कोण ते मी सांगत नाही. तो शेवटच्या रांगेत बसला आहे, आणि त्याला कळले आहे. नागदत्त मीच होतो."

सामकाने पाळला तो संयम. नागदत्ताने पाळला तो अलोभ, आपल्या मुठीतला माणूस मोकळा सोडण्याचा. त्या पूर्णतेला फार थोडे पोहोचतात.