रांजणीच्या बिया

बोरघळच्या देसायांना म्हातारपणी एकच ध्यास लागला, लहानपणापासून खाल्लेल्या रांजणीच्या पिवळ्या, गोड फळांचा. पण जुनी झाडं वठली होती आणि नवं एकही उगवलं नव्हतं. त्यांनी डोंगरावरच्या सोमी ठाकरणीला गढीवर बोलावून दरडावलं, "तुम्हीच माझं रान खाल्लंत."

सोमी म्हणाली, "आम्ही झाडाखाली बसून खायचो अन् बी तिथंच मातीत थुंकायचो. तीच आमची रीत. तुम्ही आम्हाला रानबंदी केलीत अन् चाळीस वर्षं सगळी फळं इथं आणून खाल्लीत. बिया कुठं टाकल्यात, सरकार?"

"इथंच. फरशीवर."

सोमीनं त्या कोरड्या फरशीवरून नजर फिरवली.

"मग रांजणी इथंच उगवल्या असतील. दाखवा की. मलाबी लई वर्षं झाली चाखून."