बोटांना लागेल असा चेंडू

ही गोष्ट ज्यांनी मला सांगितली, त्यांनी शेवटी बजावलं होतं, "कुठे बोलू नकोस हं." मी मान डोलावली होती. पण तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून नावं बदलून सांगते.

"पण मग मी खेळायचं कधी, सेन्सेई?"

तोगाशीने हे विचारलं तेव्हा ओहारा सेन्सेई गवतावर बसून एकेक चेंडू अंगठ्याने दाबून पाहत होते. हवा कमी वाटली की चेंडू डावीकडे, बरा वाटला की उजवीकडे.

सेन्सेई म्हणजे गुरुजी. जपानच्या पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या एका संघाच्या गोलकीपरांना ते शिकवत. संघ समुद्राकाठच्या लहानशा शहराचा. सेन्सेई सत्तरीला टेकलेले, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ते कमी बोलत, आणि बोलले तर समोरच्याला रात्रभर झोप लागत नसे.

तोगाशी त्या संघाचा दुसरा गोलकीपर. दुसरा म्हणजे, पहिल्याला काही झालं तरच मैदानात उतरणारा. आणि पहिल्याला, मुराईला, कधी काही होत नसे. गेला अख्खा हंगाम तोगाशीने बाकावर बसून काढला होता. आता नवा हंगाम सुरू झाला होता. समुद्रावरून बोचरं वारं येत होतं, आणि तो पुन्हा बाकावरच होता.

"माझी उडी मुराई-सानपेक्षा लांब जाते," तो म्हणाला. सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. "तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"पायही माझाच जोरदार आहे."

सेन्सेईंनी मान वर केली. "जोरदार आहे?"

"कुणालाही विचारा."

"कशाला विचारू? शनिवारी सामन्याआधी मुराईला चेंडू तू मार. माझा गुडघा आता माझं ऐकत नाही."

तोगाशी मनातून हरखला. सामन्याआधी गोलकीपर सगळ्या खेळाडूंच्या आधी मैदानात येतात. गोलमागे बसलेल्या आपल्या माणसांना वाकून नमस्कार करतात. मग त्यांना चेंडू मारत राहायचं, अंग तापेपर्यंत. तेवढा वेळ सगळं मैदान त्यांचं असतं. सगळ्या नजरा त्यांच्यावर.

शनिवारी तोगाशीने पहिला चेंडू मारला तो थेट वरच्या कोपऱ्यात. जाळी थरथरली.

दुसरा खाली, खांबाला चिकटून. तोही आत.

गोलमागची माणसं आधी "ओऽऽ" म्हणाली, मग हसायला लागली. मुराई पुन्हा पुन्हा वळून जाळीतून चेंडू काढत होता. तोगाशीचे कान तापले होते, पण आनंदाने.

सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू मुराईकडे अगदी साधा आला, छातीवर. तो त्याच्या हातातून निसटला. समोरच्याने नुसता पाय लावला.

संघ हरला.

प्रेक्षक गाणं म्हणत राहिले, पण हळू आवाजात. खेळाडूंनी एका ओळीत उभं राहून त्यांच्यापुढे मान झुकवली. मुराईची मान सगळ्यात उशिरा वर आली.

तोगाशी सेन्सेईंजवळ गेला. "पाहिलंत?"

"पाहिलं."

"आता तरी पटलं ना?"

"सामना सुरू होण्याआधी मुराईच्या हाताला एकही चेंडू लागला नाही, हे पाहिलं."

"मग त्यांनी अडवायचे होते!"

"तोगाशी..."

"काय?"

"आज तू कोणत्या संघातून खेळत होतास?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेईंनी त्याला सरावाच्या मैदानावर बोलावलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"गोलमध्ये उभा राहा."

"डॉक्टरांनी तुम्हाला चेंडू मारू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर इथे आहेत का?"

तोगाशी उभा राहिला. पहिला चेंडू गरीबासारखा चालत छातीशी आला.

"हा तर माझी आजीसुद्धा पकडेल," तो म्हणाला.

"तिला बोलावू या नंतर. तू पकड."

दुसरा चेंडू वीतभर बाजूला आला. तिसरा त्याहून थोडा. प्रत्येक चेंडू आधीच्यापेक्षा किंचित लांब, किंचित जोरात. किंचितच. तोगाशीच्या ते लक्षातही आलं नाही. तो पकडत गेला, आणि पकडता पकडता त्याचं अंग आपोआप लांबत गेलं. आधी तो पाय टाकत होता, मग झुकत होता, मग उडी घेत होता. त्याचं हसू केव्हा गेलं, त्याला कळलं नाही.

शेवटचा चेंडू आला तेव्हा तो हवेत पूर्ण आडवा होता. जे काही लांबवता येत होतं ते सगळं त्याने लांबवलं होतं. चेंडू बोटांच्या टोकांना लागला, वळला, आणि खांबाला घासून बाहेर गेला.

तोगाशी तसाच पडून राहिला. गालाला गवत चिकटलं होतं. तो स्वतःच्या बोटांकडे पाहत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"असा चेंडू मी आजवर कधी अडवला नव्हता," तो हळूच म्हणाला.

"आजवर तुला तो कुणी मारला नव्हता."

एवढं बोलून सेन्सेई गुडघा धरून निघाले. त्यांचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. तोगाशी धावत मागे गेला.

"हे... हे कसं केलंत?"

"गोल होऊ द्यायचा नाही. आणि चेंडू सोपाही द्यायचा नाही."

"त्या दोन्हींच्या मधली जागा केवढी असते?"

सेन्सेईंनी आपलं एक बोट उभं धरलं. त्या बोटाच्या जाडीएवढी.

त्या दिवसापासून मुराईला रोज चेंडू मारण्याचं काम तोगाशीकडे आलं. आणि ते त्याला अजिबात जमेना.

चेंडू एक तर मुराईच्या मांडीवर जाऊन बसायचा, नाही तर जाळीत. मुराई स्वभावाने खेळकर. वयाने मोठा, तीन मुलांचा बाप. एकदा कंबरेवर हात ठेवून तो म्हणाला, "तोगाशी, तुला माझा राग येतो की माझी कीव येते? काय ते एक ठरव."

सेन्सेई काठावर खुर्ची टाकून बसत. प्रत्येक चेंडूनंतर ते एकच शब्द बोलत. "नाही."

वसंत गेला. पावसाळा लागला, गवत ओलं झालं. "नाही."

एक दिवस तोगाशी वैतागून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मारताना मी बघू कुठे? चेंडूकडे की गोलकडे?"

"मुराईकडे."

"ते तर सारखे हलतात."

"म्हणूनच."

तेव्हापासून तोगाशी मुराईला पाहू लागला. आधी त्याचे दोष शोधण्यासाठी पाहायचा, तसं नाही. नुसतंच पाहायचं. थंडी असली की मुराईचा उजवा खांदा उशिरा उठतो. धाकट्या मुलाने रात्री जागवलं असेल, तर तो बाजूला झेपावण्याआधी उगाच थोडा वर उसळतो. घाबरला की विनोद करतो. आणि डावीकडे, अगदी खाली, खांबाजवळ, त्याचा हात थोडक्यात राहतो. दर वेळी. बोटभर.

ऑगस्ट आला. दुपारी झाडांवरचे किडे इतके ओरडत की स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. एका अशा दुपारी तोगाशीने एक चेंडू मारला. मुराई उजवीकडे झेपावला, ताणला, आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला.



दुसऱ्या एका माणसाचा हात कुठे संपतो, ते तोगाशीला इतक्या लांबून दिसलं होतं. माणूस स्वतःलाही तिथपर्यंत ओळखत नाही. आणि तिथे त्याने चेंडू नेऊन ठेवला होता.

त्याने काठाकडे पाहिलं. या वेळी सेन्सेई काहीच म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात दुसऱ्या श्रेणीतल्या एका संघाचा निरोप आला. आमच्याकडे ये. पहिला गोलकीपर म्हणून ये. प्रत्येक सामना तुझा. पण आत्ता, हंगामाच्या मध्यावरच ये. नंतरचं सांगता येत नाही.

तोगाशी सेन्सेईंकडे गेला. "जाऊ का?"

"जा."

"थांब म्हणणार नाही?"

"गोलकीपर म्हातारे होतात. हा गुडघा बघ. जा."

तोगाशी उठला नाही. बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत बसला.

"मुराई-सानचा डावा कोपरा अजून राहिलाय," तो शेवटी म्हणाला.

"त्याचं तुला काय?"

"माहीत नाही. पण... तो हात तिथे पोचतो, सेन्सेई. त्यांना माहीत नाही, पण पोचतो. मला दिसतं."

"आणि त्या संघाने नंतर विचारलंच नाही तर? जन्मभर बाकावर बसशील."

"हो."

"मूर्ख आहेस."

"हो, सेन्सेई."

सेन्सेई तोंड फिरवून समुद्राकडे पाहत राहिले.

तोगाशी राहिला. शरद ऋतू आला. संघ मात्र घसरत गेला. तळाचे संघ हंगामाच्या शेवटी खालच्या श्रेणीत जातात, आणि हे शहर त्या रेघेवर येऊन उभं राहिलं. मासळीबाजारात, न्हाव्याकडे, शाळेत, सगळीकडे एकच बोलणं. तोगाशी रोज डाव्या कोपऱ्यात चेंडू मारत होता. मुराईची बोटं रोज थोडक्यात राहत होती.

"तुझा तो कोपरा मला स्वप्नात दिसतो रे," मुराई म्हणायचा. "बायको विचारते, कुठे हात मारताय झोपेत."

डिसेंबरमध्ये शेवटचा सामना घरच्या मैदानावर झाला. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. हरला तर गेला.

बरोबरी टिकून होती. वेळ संपत आली होती. प्रेक्षक इतका वेळ गात होते की त्यांचे घसे बसले होते.

तेवढ्यात समोरच्या संघाचा एक खेळाडू एकटाच चेंडू घेऊन सुटला. त्याने मान वर करून पाहिलं आणि चेंडू मारला. डावीकडे. खाली. खांबाजवळ.

गाणं थांबलं. हजारो माणसं, आणि वाऱ्याने ताणलेल्या झेंड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मुराई झेपावला.

बाकावर बसलेले सगळे चेंडूकडे पाहत होते. सेन्सेई एकटे तोगाशीकडे पाहत होते. तोगाशी बाकावरून अर्धवट उठला होता, डावीकडे कलला होता, आणि त्याचा हात पूर्ण ताणलेला होता. बोटांच्या टोकांपर्यंत.

चेंडू बाहेर गेला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळं मैदान एकदम उठलं. माणसं अनोळखी माणसांना मिठ्या मारून रडू लागली. तोगाशी मात्र तसाच होता, कललेला. हात खाली घ्यायचा असतो हे तो विसरला होता.

शिट्टी वाजली. संघ वाचला.

खेळाडू ओळीत उभे राहायला निघाले. प्रेक्षकांना नमस्कार करायचा होता. वाटेत मुराई वाकडी वाट करून बाकापाशी आला. नाकाला माती लागलेली, डोळे लाल.

"तोगाशी."

"हं?"

"तुझ्यापेक्षा हळू मारला रे त्याने."

आणि तो तोगाशीला दंडाला धरून ओढत ओळीत घेऊन गेला. बाकावरचं जाकीट घातलेला तोगाशी मुराईच्या शेजारी उभा राहिला. सगळ्यांनी मान झुकवली. या वेळी सगळ्यात उशिरा वर आली ती तोगाशीची मान.

काही दिवसांनी सरावाच्या मैदानावर कुणी नव्हतं. हंगाम संपला होता. जाळ्या काढून ठेवलेल्या, नुसते खांब उभे. तोगाशी निरोप घ्यायला आला. त्या संघाने त्याला पुन्हा बोलावलं होतं. या वेळी तो हो म्हणाला होता.

तो सेन्सेईंपुढे खूप खाली वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"ऊठ आता. पाठ धरेल," सेन्सेई म्हणाले. "सगळी चौकशी केलीस का तिकडची?"

"केली, सेन्सेई. राहायला घर मैदानाजवळच आहे. गवत चांगलं आहे म्हणतात. पाठीवर 'एक' हा आकडा मिळणार आहे. आणि पहिल्याच सामन्यापासून गोलमध्ये मी."

"हं."

"मन लावून खेळेन."

"ते खेळशील..."

सेन्सेईंनी चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली आणि लंगडत चालू लागले. थोडं पुढे जाऊन थांबले. वळले.

"आणि तिकडे तुला चेंडू कोण मारणार आहे, त्याचं नाव विचारलंस का?"