ठकूबाईची कळलावी

कोकणातल्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, कातळवेढे नावाचे गाव आहे. तिथे देवराईच्या कडेला माळनाथ महाराज झोपडीत राहत असत. त्यांच्या कुंपणावर श्रावणात कळलावीची वेल चढे. पिवळ्या-तांबड्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळत.

वेल गावच्या सुईणीने, ठकूबाईने लावलेली. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायांना ती आपल्या वाकड्या करंगळीने कळलावीच्या कंदाचा लेप लावी. कंद जहाल विषारी. मूल बाहेर येताच लेप धुवायचा, नाहीतर रक्त थांबत नाही, असे ती मानी. लेकीला, सगुणेला, ती बजावत असे, "बाळ नंतर. पाय आधी."

कार्तिकात वेल सुकली, की ठकूबाई कंद काढून कोंब न मोडता कुंपणालगतच नव्या जागी पुरे. ती जागा तिलाच ठाऊक. माघात ती गेली आणि जागाही तिच्याबरोबर गेली.

सगुणेला रडू येईना. महाराज म्हणाले, "पोरी, कुंपणाशी रोज तांब्याभर पाणी घालत जा."

ती घालू लागली. गावचे वैद्य त्रिंबकशास्त्री येता-जाता हसत. "अगं सगुणे, चैत्रात कळलावी उगवणार? मग उद्या दगडालाही मोहोर येईल! आणि तुमचे महाराज झाडाला उगवायची वेळही सांगतात का?"

महाराजांनी सगुणेला तांब्या भरून दिला.

चैत्र सरत असताना शास्त्र्यांची लेक मथुरा अडली. दोन दिवस झाले. मात्रा, काढे संपले. ठकूबाईच्या डबीतल्या जुन्या कंदाचे किड्यांनी पीठ केलेले. भर दुपारी शास्त्री कुदळ घेऊन कुंपणाशी आले आणि वेड्यासारखे खणू लागले. कातळाशिवाय काही लागेना.

"शास्त्रीबुवा, थांबा," महाराज म्हणाले. "सगुणे, आज पाणी घातलेस?"

"नाही, महाराज."

"मग घाल."

तिने तांब्या ओतला. देवराईतले पक्षी एकदम गप्प झाले. मातीने कोणी श्वास ओढावा तसे पाणी ओढून घेतले, आणि तिथून हिरवा कोंब वर आला. बघता बघता वेल कुंपणावर गेली, फूल उमलले. वारा नव्हता, तरी वेल हलत होती. एका पानाच्या टोकाची तार सगुणेच्या बोटाभोवती अलगद गुंडाळली गेली. ती दचकली, पण तिने हात काढून घेतला नाही.

कंद निघाला. मथुरेच्या खोलीत ती आणि सगुणा दोघीच होत्या, शास्त्री दाराबाहेर. लेप लागला, कळा आल्या, मुलगी झाली. पण ती रडेना! सगुणा तिला उलटी धरून पाठ चोळू लागली आणि बाकी सारे विसरली. मुलीने टाहो फोडला तेव्हा तिला आठवले. पाय!

ती वळली. तळपाय स्वच्छ होते, ओले होते. पाण्याचा तांब्या मात्र काठोकाठ भरलेला.

"किती गार हात गं तुझे," मथुरा क्षीण आवाजात म्हणाली. "आणि करंगळी अशी वाकडी कशी झाली?"

दाराशी शास्त्र्यांनी ते ऐकले. सगुणेच्या हातांकडे त्यांनी पाहिले. करंगळ्या सरळ होत्या.

ते तसेच अनवाणी धावत झोपडीशी आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी इथून हललो नाही, बुवा. ज्या माउलीने पाय धुतले तिला नमस्कार करा."

कुंपणावर आता वेल नव्हती, फूलही नव्हते. शास्त्र्यांनी पगडी काढली आणि त्या ओल्या मातीवर कपाळ टेकले. मागून आलेली सगुणा त्यांच्या शेजारी बसली, आणि माघानंतर पहिल्यांदा तिला रडू फुटले.